चिंधी, डबा आणि बाटली : आपल्या अंगणातल्या उजेडाचा इतिहास



परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं. गच्चीवरची पार्टी. वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत बारीक दिव्यांची माळ सोडलेली, दूध पावडरच्या डब्यांना भोकं पाडून केलेले कंदील दोरीला टांगलेले, मागे इंग्रजी गाणं. खाली कुणीतरी लिहिलं, "काय भन्नाट आयडिया! बाहेरचे लोक किती क्रिएटिव्ह असतात ना!"

मी काही बोललो नाही. ग्रुपवर बोललं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण डोक्यात भुंगा लागला. कारण माझ्या आजीने हे रील बघितलं असतं तर तिने एकच प्रश्न विचारला असता : "म्हणजे एरवी तो डबा फेकून देणार होते का काय?"

तर आज जरा या विषयावर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून अंगणात, गल्लीत, वरातीत उजेड करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तिला मोठा इतिहास आहे. पण तो इतिहास फक्त "आपले पूर्वज किती हुशार" एवढाच नाही. त्यात हात भाजलेत, त्यात कुणाच्या तरी डोक्यावर ओझं आहे, आणि आज त्यात एक चांगलीच गोची झालेली आहे. शेवटी त्यावरच यायचंय.

*पहिली गोष्ट : चिंधी*

घरातला दिवा म्हणजे समई, निरांजन, पणती. कापसाची वात, तेल किंवा तूप. पण ही वात उंबरठ्याच्या आतली. बाहेर वारा असतो. जत्रा, वरात, पालखी, पहाटेचं देऊळ, इथे कापसाची वात दोन मिनिटं टिकत नाही. इथे लागतो काकडा.

काकडा म्हणजे काय? फाटलेलं धोतर, विरलेलं लुगडं, जे गोधडीतसुद्धा घालायच्या लायकीचं उरलं नाही ते. त्याच्या पट्ट्या फाडायच्या, घट्ट पीळ द्यायचा आणि तेला-तुपात भिजवायचं. पीळ घट्ट का? तर तेल कापडातून हळूहळू वर चढतं आणि जळतं ते मुख्यतः तेल, कापड नाही. पीळ सैल असला की हवा आत शिरते आणि कापडच भसाभसा पेटतं. हे शास्त्र कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं, हाताला माहीत होतं.

काकड आरती हे नाव याच काकड्यावरून आलं. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर गावोगाव पहाटे काकडा चालतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातही कितीतरी गावांत तो आजही चालतो. म्हणजे बघा, देवाला जागं करायला जो उजेड नेला जातो त्याचं मूळ जुनेरात आहे. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

काकड्याचा थोरला भाऊ टेंभा. काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळायच्या, वरून तेल. गोंधळ्याच्या हातातला पोत म्हणजे तोच पिळलेला, तेल प्यालेला कपडा. खंडोबाच्या भक्ताकडची दिवटी आणि बुधली बघा. दिवटीत चिंधी, बुधलीत तेल, आणि दिवटी मंद झाली की बुधलीतून धार. मालेगावजवळच्या चंदनपुरीला खंडोबाच्या यात्रेत ही जोडी अजून बघायला मिळते.

आता जरा अवघड भाग. "टेंभा मिरवणे" हा वाक्प्रचार आपण सगळे वापरतो. अर्थ काय, तर नसता मोठेपणा दाखवणे. पण गंमत अशी की ज्याच्या घरचं लग्न, ज्याची वरात, ज्याची पालखी, त्याच्या हातात टेंभा कधीच नसायचा. तो धरायला वेगळा माणूस असायचा. दिवट्या, मशालजी ही पेशवाईतली नोकरीची नावं आहेत. रात्रभर चालायचं, तेलाचे ओघळ हातावर, धूर डोळ्यांत, आणि उजेड दुसऱ्याच्या तोंडावर. मिरवणारा वेगळा आणि धरणारा वेगळा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

*दुसरी गोष्ट : डबा*

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून जहाजं भरून मुंबईत घासलेट यायला लागलं, पाठोपाठ रशियातून, मग ब्रह्मदेशातून. आपण त्याला रॉकेल म्हणतो, तो शब्द इंग्रजीतल्या "रॉक ऑइल"चा, म्हणजे दगडातून निघालेल्या तेलाचा, आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेला अवतार. हे तेल यायचं पत्र्याच्या चौकोनी डब्यात. एका लाकडी खोक्यात दोन डबे. एका डब्यात साधारण अठरा-एकोणीस लिटर.

तेल संपायचं. डबा उरायचा. आणि तिथून आपल्या घराघरांत एक क्रांती झाली, जिची नोंद कुठल्या शाळेच्या पुस्तकात नाही. त्या डब्यात धान्य आलं, पाणी आलं, तुळस आली. डबा कापून पत्रा सरळ केला की छपराला ठिगळ. उरलेल्या तुकड्यांतून टिनकाम करणाऱ्या कारागिरांनी चिमण्या केल्या. चिमणी म्हणजे काचेशिवायचा छोटा दिवा. खाली पत्र्याची किंवा औषधाच्या बाटलीची टाकी, वर झाकणाला भोक, भोकात पत्र्याची नळी, नळीत चिंधीची वात. बघा, चिंधी परत आलीच.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि डब्यांच्या घराण्यात आणखी एक भर पडली. डालडाच्या डब्याचं काय काय झालं ते चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको.

आमच्या तिवंध्याजवळच्या जुन्या वाड्यात दिवाळीला अशा डब्यांचे कंदील व्हायचे, असं वडील सांगायचे. खिळ्याने डब्याला भोकं पाडायची, नक्षी काढायची, चांदणी, स्वस्तिक, कुणी हौशी असला तर मोर. आत एक चिमणी ठेवायची. वारा आत शिरत नाही, आणि भिंतीवर उजेडाची रांगोळी. म्हणजे रीलमधला डब्याचा कंदील, फक्त गाणं सोडून.

पण हेही सांगितलंच पाहिजे. माझ्या आत्याच्या मनगटावर एक डाग होता, पांढरट, चुरगळलेला. लहानपणी कोनाड्यातली बाटलीची चिमणी कलंडली आणि तिच्या हातावर आली. औषधाची बाटली उंच, बूड लहान, झाकण घट्ट नाही. कलंडली की तेल सांडणार आणि वात सोबत असणारच. हे घराघरांत होत होतं, नुसतं आमच्या वाड्यात नाही.

श्रीलंकेत तर एका शल्यविशारदाने याच गोष्टीचा ध्यास घेतला. डॉ. विजय गोडकुंबुरा. अशा बाटलीच्या दिव्यांनी भाजलेले पेशंट येऊन येऊन ते हैराण झाले, आणि त्यांनी दिवाच बदलला. बुटकी, जड काचेची बाटली, दोन बाजू सपाट म्हणजे पडली तरी गडगडणार नाही, आणि फिरकीचं झाकण म्हणजे तेल सांडणार नाही. काच पुनर्वापराची, किंमत अगदी कमी. १९९८ मध्ये त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. टाकाऊतून दिवा करणं सोपं आहे, टाकाऊतून *सुरक्षित* दिवा करायला डोकं लागतं, हे या माणसाने दाखवलं.

*तिसरी गोष्ट : कागद*

कार्तिकात उंच खांबावर दिवा टांगायची आकाशदीपाची प्रथा जुनी आहे, धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तिचं विधान आहे. कल्पना अशी की हा दिवा देवांसाठी आणि पितरांसाठी, त्यांना वाट दिसावी म्हणून. त्याला आपण जो शब्द जोडला तो "कंदील" मात्र अरबी-फारसीतून आलेला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला मेणबत्तीचा शब्द. "आकाश" संस्कृत, "कंदील" परदेशी, आणि टांगायचा मराठी दारावर. शुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आपल्या नाशिककरांसाठी आकाशकंदील आणि पतंग ही सख्खी भावंडं. दोन्हीला लागतात कामट्या, पातळ रंगीत कागद, दोरा आणि खळ. येवल्याच्या पतंगांबद्दल मी सांगायची गरज नाही, तिथे संक्रांत म्हणजे तीन दिवसांचं युद्ध असतं. संक्रांतीला उरलेला पतंगाचा कागद माळ्यावर जायचा तो दिवाळीला खाली यायचा. कामट्या कुठून? तर मोडकी टोपली, जुनं सूप, पतंगांचे सांगाडे. छोट्या कंदिलाला खराट्याच्या हिराच्या काड्यासुद्धा चालायच्या. खळ घरच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं-किडे कागद खात नाहीत. आणि खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या कापायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं, कारण त्याच्याकडून वाकडं कापलं गेलं तरी वाऱ्यात कळत नाही.

पुढे त्यात लग्नाच्या जुन्या पत्रिका आल्या. जाड कागद, सोनेरी छपाई, फेकवत नाही आणि ठेववत नाही. दुमडून, स्टेपल करून त्यांचे गोल कंदील व्हायचे. "चि. सौ. कां."वर दिवा लागलेला मी स्वतः पाहिलाय. एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर चित्र काढून कंदिलाला लावलेलं पाहिलंय. फुटक्या बांगड्यांचं झुंबर पाहिलंय.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. गोव्यात दिवाळीला कंदिलांच्या स्पर्धा होतात आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच कामट्या, तोच कागद घेऊन ख्रिस्ती घरांवर नाताळची नक्षत्रं चढतात. फिलिपिन्समध्ये नाताळचा "पारोल" म्हणजे बांबू आणि कागदाचीच चांदणी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात नाताळच्या रात्री भिंतींवर, वाटांवर वाण्याकडच्या खाकी कागदी पिशव्या ठेवतात, आत मूठभर वाळू, वाळूत मेणबत्ती. वाळू कशाला? तर पिशवी उडू नये आणि मेणबत्ती कलंडू नये. जगात जिथे जिथे माणूस गरीब आणि सण मोठा, तिथे तिथे हीच युक्ती निघाली.

मुंबईत माहीमला एक गल्लीच कंदिलांच्या नावाने ओळखली जाते, कंदील गल्ली. तिथे लोकांनी याचा हंगामी धंदा उभा केला, कागद-कामटीचा, हाताचा. म्हणजे हा नुसता छंद नव्हता, त्यातून कुणाची दिवाळी व्हायची.

*चौथी गोष्ट : झिरोचा बल्ब*

१८८२ साल. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या एका सहकाऱ्याने, एडवर्ड जॉन्सनने, नाताळच्या झाडावर लाल-पांढरे-निळे ऐंशी बल्ब गुंडाळले. विजेच्या माळेची ती सुरुवात धरतात. पण ती चैन होती, साध्या माणसाच्या दारात यायला पुढे कितीतरी दशकं गेली. आपल्याकडे तर १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचं वीज केंद्र सुरू झालं तेव्हाही आसपासच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर रॉकेलच होतं. चिमण्यांच्या उजेडात चिमणी बघणारी, म्हणजे केंद्राचं धुराडं बघणारी माणसं.

वीज आली तरी सवय गेली नाही. "झिरोचा बल्ब" आठवतो? नाव झिरो, पण खायचा साधारण १५ वॅट. दहा रंगांचे दहा बल्ब कोण घेणार? मग साध्याच बल्बला रंग लावायचा, नाहीतर जिलेटिनचा कागद. माळ घरी करणारे मंडळातले "इलेक्ट्रिशियन काका" सहा व्होल्टचे पस्तीस-चाळीस बारके बल्ब एकामागोमाग एक जोडायचे, कारण भिंतीतून येतात २३० व्होल्ट आणि ते सगळ्यांत वाटले गेले पाहिजेत. त्यातला एक उडाला की अख्खी माळ बंद. मग अंधारात एकेक बल्ब काढून बघायचा. त्या माळेने आमच्या पिढीला विज्ञान आणि संयम दोन्ही शिकवलं. आणि हो, शॉकही दिले. गणपतीच्या मांडवात पत्रा, ओला बांबू आणि सोललेली वायर यांची गाठ पडली की काय होतं, हे प्रत्येक गावाने कधी ना कधी बघितलंय.

*आता : माळ स्वस्त, कचरा महाग*

१९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरांनी भरपूर उजेड देणारा निळा एलईडी तयार केला. निळा आला म्हणून पांढरा शक्य झाला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं ते याचसाठी. पुढच्याच वर्षी आपल्याकडे उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घराघरांत पोचला. ही खरंच चांगली गोष्ट झाली. विजेची बचत आहे, उष्णता कमी आहे, कागद पेटायची भीती गेली.

पण त्याच लाटेत दुसरी गोष्ट आली. दिवाळीच्या आधी मेन रोडला, रविवार कारंजावर चक्कर मारा. प्लॅस्टिकचे घडीचे कंदील, प्लॅस्टिकची फुलं, त्यात दिवे चिकटवलेल्या माळा. इतक्या स्वस्त की बिघडली तर दुरुस्त कोण करणार? दुसरी आणू. झिरोच्या बल्बची माळ दहा वर्षं चालायची कारण तिचा बल्ब बदलता यायचा. हिचा बदलता येत नाही.

राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ज्या वस्तू बंद केल्या, त्यांच्या यादीत सजावटीचं थर्माकोल हे शब्द स्पष्ट आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही आले. कागदावर सगळं आहे. पण लक्ष्मीपूजनानंतर पंधरा दिवसांनी घंटागाडीत काय पडतं ते बघा. दिव्यांची गुंतलेली वेटोळी, ओल्या कचऱ्यातच, खरकट्यासकट. आणि त्रिपुरीला गोदाघाटावर आपण जे दिवे सोडतो, त्यांचे द्रोण पानाचे आहेत की आतून चकचकीत अस्तर लावलेले, हेही एकदा हातात घेऊन बघा.

*आणि ही ती गोची*

आता मूळ रीलकडे येतो. तुम्ही म्हणाल, मग बाटलीचा दिवा करणं चांगलंच की! प्लॅस्टिकच्या कंदिलापेक्षा बरं!

हो आणि नाही. ऐका.

स्वच्छ काचेच्या रिकाम्या बाटलीला भंगारात किंमत असते. कमी असेल, पण असते. भंगारवाला ती घेतो, ती धुतली जाते किंवा वितळते, परत बाटली होते. तीच बाटली आपण घेतली, तिच्यावर रंग मारला, चमकी चिकटवली, ग्लू गनने मणी लावले, तोंडात माळ कोंबून सिलिकॉनने बंद केली. दोन दिवाळ्या वापरली. मग? आता ती भंगारवाला घेत नाही. काच वेगळी होत नाही, प्लॅस्टिक वेगळं होत नाही, सेल आत फुगलेले. आपण टाकाऊतून टिकाऊ केलं नाही, ज्याचं काही होऊ शकत होतं त्याचं कधीच काही होणार नाही अशी सोय केली. वर फोटो टाकून लाइक घेतले.

आजीच्या डब्यात आणि आपल्या बाटलीत हा फरक आहे. तिचा डबा कंदील झाला तरी पत्राच राहिला. गंजला की भंगारात. काकडा जळून राख झाला. कागदाचा कंदील पावसात विरघळला, कामट्या बंबात गेल्या. तिने "रिसायकल" हा शब्द ऐकला नव्हता, पण तिच्या हातून गेलेल्या वस्तूची पुढची वाट कधी बंद झाली नाही.

आणि ही पुढची वाट चालवतं कोण? अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार आठवा. बेकायदा ठरला, जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात हटवला. नंतर परत उभा राहिला, परत हटवला. तिथल्या रहिवाशांना त्रास होता, धूर होता, आगी होत्या, हे खरंच आहे, मी त्याचं समर्थन करत नाही. पण एवढ्या मोठ्या कारखानदारी शहराचं भंगार कुठेतरी जाणारच, हेही तितकंच खरं. त्याला सुरक्षित, कायदेशीर जागा देण्याचा प्रश्न आपण सोडवला का? की नजरेआड झालं म्हणजे संपलं? आपला कचरा निवडणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत. जशी टेंभा धरणारी दिसत नव्हती.

आलंच बघा ते वाक्य परत. मिरवणारा वेगळा, धरणारा वेगळा. आजही लॉन्सवरच्या लग्नाला जाल तेव्हा वरातीच्या दोन्ही बाजूंना बघा. डोक्यावर विजेच्या दिव्यांचं झुंबर घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या मधून एकच वायर, मागे ढकलगाडीवर जनरेटर. चिंधी गेली, गॅसबत्ती गेली, एलईडी आला. डोकं मात्र तेच राहिलं.

*मग करायचं काय?*

करा की! मी नको म्हणत नाहीये, उलट यंदा पोरांना घेऊन नक्की करा. फक्त काही गोष्टी पाळा. या माझ्या अनुभवाच्या आहेत.

१. डब्याला भोकं पाडायची असतील तर आदल्या रात्री डबा पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ झाला की जुन्या टॉवेलवर आडवा ठेवून खिळा-हातोडीने नक्षी पाडा. आत बर्फाचा आधार असल्याने डबा चेपत नाही. बर्फ वितळला की आतल्या धारदार कडा कानशीने घासा.

२. पत्र्याच्या डब्यात २३० व्होल्टची वायर *अजिबात* नको. पत्र्यातून वीज वाहते, भोकांच्या कडांनी वायर सोलली जाते, आणि पहाटे दव पडतं. सेलवरची किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारी पाच व्होल्टची माळ घ्या. चार्जर मात्र घराच्या आत, कोरड्या जागी.

३. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या औषधांचे डबे-बाटल्या कितीही सुबक दिसल्या तरी घेऊ नका. धुवूनही नाही. पोरांच्या हातात तर मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावं लागतं.

४. वाइनच्या बाटल्या आपल्याकडे मुबलक, द्राक्षाचं गाव म्हटल्यावर असणारच. लेबल गरम पाण्यात खायचा सोडा घालून भिजवलं की निघतं. माळ तोंडातून आत सोडा, पण चिकटवू नका. काचेला भोकही पाडू नका, गरज नसते.

५. ग्लू गनऐवजी दोरा, तार, खळ. चमकी नको. एकच कसोटी लावा : दिवाळी झाल्यावर हा कंदील पाच मिनिटांत सुटा करून काच काचेत, पत्रा पत्र्यात, कागद कागदात टाकता येईल का? येत असेल तर तो टाकाऊतून टिकाऊ. नाहीतर तो नुसता उशिरा टाकलेला कचरा.

६. कांद्याची लाल जाळीची गोणी, द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा, जुन्या पत्रिका, फाटका पतंग, हे सगळं आपल्याच घरातलं आहे. त्यासाठी ऑनलाइन "डीआयवाय किट" मागवू नका, प्लीज. टाकाऊ वस्तूंचं किट विकत घेणं म्हणजे कमालच झाली.

७. माळ बिघडली तर ओल्या कचऱ्यात टाकू नका. वेगळी पिशवी करा, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. २००२ मध्ये ब्राझीलमध्ये आल्फ्रेदो मोझर नावाच्या मेकॅनिकने शीतपेयाची रिकामी बाटली पाण्याने भरली, शेवाळ धरू नये म्हणून दोन बुचं ब्लीच टाकलं आणि ती छपराला भोक पाडून बसवली. अर्धी वर, अर्धी आत. वरचं ऊन पाण्यातून वळून खालच्या अंधाऱ्या खोलीत पसरलं. वीज नाही, बिल नाही. पुढे फिलिपिन्समधून ही युक्ती जगभरच्या झोपडपट्ट्यांत गेली. तीच बाटली. आपण तिच्यात पार्टी बघतो, कुणी तिच्यात दिवसाढवळ्या अंधारात बसलेल्या बाईचं घर बघतं. दोन्ही करा, पण दुसरं विसरू नका.

२०२७ चा कुंभ तोंडावर आहे. शहर सजणार, पूल सजणार, घाट सजणार. दिव्यांवर खर्च होणार, व्हायलाही हवा. माझी एक साधी मागणी आहे. हे दिवे लावताना ते उतरवायचे कसे, कुठे जाणार, कोण सुटे करणार, याचंही एक कलम कंत्राटात असू द्या. आणि शाळांना सांगा, एक घाट आमच्या पोरांच्या कागदी कंदिलांसाठी ठेवा. पोरं करतील. झिरमिळ्या वाकड्या असतील, पण वाऱ्यात कळत नाही.

आमचा तिवंध्याचा वाडा आता नाही. तिथे इमारत आहे. वाडा उतरवताना माळ्यावर एक चौकोनी डबा सापडला होता, एका बाजूला खिळ्याने पाडलेली भोकं, अर्धा मोर. उरलेला अर्धा कुणी केला नाही, का नाही केला, विचारायला कुणी उरलं नाही. मी तो घरी आणला. यंदा मुलीला म्हटलं, उरलेला मोर तू पूर्ण कर. तिने बराच वेळ डबा फिरवून बघितला आणि म्हणाली, "बाबा, आधी बर्फ करायला ठेवू."

तुमच्याकडे असा कुठला कंदील, चिमणी, आठवण असेल तर कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर उत्तम. पोस्ट शेअर करायला हरकत नाही.